निकाल जिथे मानला जाईल, तिथे दावा

लग्न पुण्यात झाले, संसार न्यू जर्सीत थाटला, मुलगा तिथेच जन्मला, आणि बाणेरला दोघांच्या नावावर एक फ्लॅट आहे. अशा जोडप्याचे पटेनासे झाले आणि वेगळे व्हायचे ठरले, तर घटस्फोटाचा दावा पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयात लावायचा की न्यू जर्सीच्या? परदेशी स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांत हा प्रश्न आता वरचेवर येतो. लंडन, सिडनी, टोरांटो, दुबई, गाव बदलले तरी प्रश्न तोच राहतो. त्याचे उत्तर बहुतेक वेळा दोन कसोट्यांवर शोधले जाते: लवकर कुठे सुटेल आणि स्वस्तात कुठे सुटेल. दोन्ही कसोट्या समजण्यासारख्या आहेत, कारण मोडलेल्या संसारातून बाहेर पडू पाहणाऱ्या माणसाला प्रत्येक महिना जड जात असतो. तरीही माझे स्पष्ट मत असे की त्या दुय्यम आहेत. पहिली कसोटी वेगळी आहे. हातात येणारा हुकूमनामा पुढच्या आयुष्यात कुठे कुठे दाखवावा लागणार आहे, आणि तिथली न्यायालये, बँका, निबंधक कार्यालये तो मानणार आहेत का, हे आधी पाहायला हवे. पगार कुठे होतो, मिळकत कुठे आहे, मूल कुठे राहते आणि पुन्हा लग्न करायचे झाले तर ते कुठे होईल, या चार प्रश्नांची उत्तरे मांडली की दाव्याची जागा बरीचशी आपोआप ठरते. घाईत केलेली निवड मात्र अनेकदा असा निकाल देते, जो एका देशात पक्का असतो आणि दुसऱ्या देशात नुसता कागद ठरतो.

मुळात निवडीचा प्रश्न उद्भवतो, कारण एकाच लग्नावर दोन-तीन देशांची न्यायालये एकाच वेळी हक्क सांगू शकतात. न्यू जर्सीत नवरा-बायकोपैकी एकाचे वास्तव्य दावा लावण्यापूर्वी सलग बारा महिन्यांचे असले की सर्वसाधारणपणे दार उघडते. कॅलिफोर्नियात राज्यात सहा महिने आणि त्या काउंटीत तीन महिने पुरतात, ऑस्ट्रेलियात नागरिकत्व, अधिवास किंवा वर्षभराचे वास्तव्य यांपैकी एक लागते. इंग्लंड आणि वेल्समध्ये नेहमीचे वास्तव्य किंवा अधिवास यांवर अधिकारक्षेत्र ठरते. इकडे १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याचे कलम १९ सांगते की लग्न जिथे लागले, प्रतिवादी जिथे राहतो किंवा दोघे शेवटचे एकत्र जिथे राहिले, तिथल्या न्यायालयात अर्ज करता येतो. २००३ च्या दुरुस्तीने पत्नीला ती स्वतः राहते तिथेही अर्ज करण्याची मुभा मिळाली. म्हणजे न्यू जर्सीतून माहेरी परत आलेली बायको पुण्यात दावा लावू शकते आणि त्याच आठवड्यात तिचा नवरा तिकडे लावू शकतो. दोघेही आपापल्या जागी कायद्याने बरोबर असतात. यांतले कोणते न्यायालय खरे, हे ठरवणारा जगाचा एक कायदा नाही. घटस्फोटांना परस्पर मान्यता देण्यासाठी हेग येथे १९७० साली एक करार झाला, पण भारत त्यात सामील नाही. त्यामुळे परदेशी निकालाचे इथे काय होणार, हे आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम १३ आणि सर्वोच्च न्यायालयाचे निवाडे ठरवतात.

या निवाड्यांतले दोन महत्त्वाचे निवाडे महाराष्ट्रातून दिल्लीला गेलेल्या न्यायमूर्तींनी लिहिले आहेत. पहिला सत्या विरुद्ध तेजा सिंग, न्यायमूर्ती यशवंत विष्णू चंद्रचूड यांचा, १९७४ चा. पंजाबात लग्न झालेला नवरा शिक्षणासाठी अमेरिकेत गेला आणि नेवाडा राज्यात जाऊन त्याने घटस्फोट मिळवला. नेवाडात सहा आठवड्यांचे वास्तव्य दाखवले की दावा लावता येतो, आणि त्या सवलतीमुळे ते राज्य त्या काळी प्रसिद्ध होते. पत्नीने जालंधरच्या न्यायालयात पोटगी मागितली तेव्हा नवऱ्याने हा हुकूमनामा पुढे केला. न्यायमूर्तींनी तो नाकारला. नवऱ्याचा नेवाडात कायम राहण्याचा इरादा कधीच नव्हता, न्यायालयाचा अधिकार जागा करण्यासाठी त्याने खोटी बतावणी केली होती, आणि अशा फसवणुकीवर उभा राहिलेला निकाल भारतात टिकणार नाही, असा तो निवाडा आहे. दुसरा नरसिंह राव खटल्यातला, न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचा, १९९१ चा. लग्न तिरुपतीला झाले होते. नवऱ्याने मिसुरी राज्यात नव्वद दिवसांच्या वास्तव्याच्या आधारे, संसार सावरण्यापलीकडे मोडला आहे या कारणावर, घटस्फोट घेतला आणि भारतात दुसरे लग्न केले. पहिल्या पत्नीने द्विभार्या विवाहाची फिर्याद दिली, आणि सर्वोच्च न्यायालयाने ती फिर्याद चालू ठेवायला सांगितले. मिसुरीचा निकाल भारतात मान्य नाही, असे ठरले.

सावंत यांनी त्या निवाड्यात घालून दिलेला नियम आजही आपल्याला बांधतो, म्हणून तो नीट समजून घेण्यासारखा आहे. ज्या कायद्याखाली लग्न लागले, त्या कायद्याला मान्य असलेले न्यायालय आणि त्या कायद्यात असलेले कारण, दोन्ही गोष्टी जुळल्या तरच परदेशी घटस्फोट इथे मानला जातो. याला तीन अपवाद आहेत. प्रतिवादी जिथे अधिवासी आहे किंवा कायमचा राहतो तिथे दावा लावला गेला आणि कारण आपल्या कायद्यातले असले, तर निकाल चालतो. प्रतिवादीने स्वखुशीने त्या न्यायालयाचा अधिकार मान्य करून दावा गुणदोषांवर लढवला आणि कारण आपल्या कायद्यातले असले, तरी चालतो. आणि प्रतिवादीने घटस्फोटाला संमती दिली, तर न्यायालय आपल्या कायद्यात बसणारे नसले तरीही निकाल चालतो. यातली खरी अडचण कारणाची आहे. व्यभिचार, क्रूरता, दोन वर्षांचा परित्याग अशी कारणे हिंदू विवाह कायद्यात आहेत, पण ‘आमचे जमत नाही, संसार संपला’ हे कारण त्यात आजही नाही. विधी आयोगाने ते घालावे अशी शिफारस १९७८ मध्ये केली आणि २००९ मध्ये पुन्हा केली. तसे विधेयक २०१३ मध्ये राज्यसभेत मंजूरही झाले, पण लोकसभेची मंजुरी न मिळाल्याने बारगळले. २०२३ मध्ये शिल्पा शैलेश खटल्यात घटनापीठाने सांगितले की सर्वोच्च न्यायालय अनुच्छेद १४२ खाली असा घटस्फोट देऊ शकते, मात्र तो अधिकार एकट्या सर्वोच्च न्यायालयाचा आहे, पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयाचा नाही. उलट न्यू जर्सीत २००७ पासून सहा महिन्यांचे न मिटणारे मतभेद हे कारण पुरते. इंग्लंडमध्ये ६ एप्रिल २०२२ पासून कुणाचाही दोष सिद्ध करावा लागत नाही; लग्न मोडले असे निवेदन पुरते आणि किमान सव्वीस आठवड्यांत निकाल लागू शकतो. ऑस्ट्रेलियात बारा महिने वेगळे राहिल्याचे दाखवले की झाले. म्हणजे जो घटस्फोट तिकडे सर्वांत सोपा आणि जलद आहे, तोच इकडे सर्वांत कच्चा ठरण्याचा संभव आहे.

निकाल कच्चा असणे म्हणजे प्रत्यक्षात काय, हे अनेकांच्या लक्षात उशिरा येते. अशी माणसे एका देशात अविवाहित आणि दुसऱ्या देशात विवाहित राहतात. न्यू जर्सीच्या हुकूमनाम्यावर विसंबून नाशिकला येऊन दुसरे लग्न लावणाऱ्यावर भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ खाली फिर्याद होऊ शकते. ते लग्न शून्यवत ठरू शकते, आणि त्या लग्नातल्या मुलांना कायदा औरस मानत असला तरी वारसाहक्काचे वाद त्यांच्याच वाट्याला येतात. मृत्युपत्र न करता माणूस गेला, तर १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार पत्नी पहिल्या वर्गातली वारस असते. इथल्या कायद्याच्या नजरेत जर पहिलीच पत्नी अजून पत्नी असेल, तर बाणेरच्या फ्लॅटमधला त्याचा हिस्सा कुणाला जाणार, हा प्रश्न अमेरिकेतला निकाल सोडवू शकत नाही. हा धोका केवळ नवऱ्यांना आहे असेही नाही. छळाला कंटाळून जिने स्वतः लंडनमध्ये घटस्फोट घेतला आणि जी आता कोल्हापूरला परतून नव्याने लग्न करू पाहते आहे, तिच्यापुढेही हाच अडथळा असतो. तिच्या पहिल्या नवऱ्याने त्या वेळी नुसते गप्प बसायचे ठरवले असेल, तर अडथळा आणखी मोठा होतो.

यावर एक आक्षेप लगेच येतो: आम्ही परत येणारच नाही, मग इथल्या कायद्याशी आम्हाला काय करायचे? या आक्षेपात तथ्य आहे आणि काही जोडप्यांच्या बाबतीत तो पुरता बरोबर आहे. दोघेही तिकडचे नागरिक झाले, सगळी मिळकत तिकडे, आईवडीलही तिकडे किंवा हयात नाहीत, अशा जोडप्याने पुण्यात दावा लावणे म्हणजे वेळेचा आणि पैशाचा अपव्यय. पण ‘परत येणार नाही’ हे आज मनात असणे आणि कायद्याने ते सिद्ध होणे यांत अंतर आहे. हिंदू विवाह कायदा भारताबाहेर राहणाऱ्या त्याच हिंदूंना लागू होतो, ज्यांचा अधिवास भारतात आहे. हा अधिवास म्हणजे तहसील कार्यालयातून मिळणारा डोमिसाईलचा दाखला नव्हे. कायमचे राहायचे ठिकाण कोणते आणि तो इरादा वागण्यातून कसा दिसतो, यावर तो ठरतो. सोंदूर गोपाल खटल्याचा २०१३ चा निकाल या दृष्टीने डोळे उघडणारा आहे. नवरा-बायको स्वीडनचे नागरिक झाले होते, पुढे ऑस्ट्रेलियात राहायला गेले होते. पत्नीने वांद्र्याच्या कौटुंबिक न्यायालयात अर्ज केला तेव्हा नवऱ्याने म्हटले की आपला अधिवास ऑस्ट्रेलियाचा आहे, भारतीय कायदा आपल्याला लागूच नाही. मुंबई उच्च न्यायालयाने आणि नंतर सर्वोच्च न्यायालयाने ते मानले नाही. स्वीडन सोडल्यावर तिथला अधिवास संपला, ऑस्ट्रेलियात कायमचे राहण्याचा इरादा सिद्ध झाला नाही, म्हणून जन्माचा भारतीय अधिवास पुन्हा जागा झाला, असे न्यायालयाने धरले. परक्या देशाचा पासपोर्ट हातात असूनही वांद्र्याचा अर्ज चालण्याजोगा ठरला. आखातातल्या मराठी माणसांच्या बाबतीत तर हा प्रश्न आणखी सोपा आहे. अमिरातीत वर्षानुवर्षे राहूनही नागरिकत्व सहसा मिळत नाही, नोकरी संपली की व्हिसा संपतो, त्यामुळे आयुष्याचा पुढचा भाग भारतातच जायचा असतो. तिथे मुस्लिमेतरांसाठी २०२२ चा नवा नागरी कायदा आला, जो फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे, आणि त्यात दोघांपैकी एकाच्या अर्जावर, काहीही सिद्ध न करता, घटस्फोट मिळू शकतो. दुबईत एकतर्फी मिळालेला असा जलद निकाल घेऊन ठाण्याला परतणाऱ्याने १९९१ चा नियम आधी वाचलेला बरा.

लग्न सुटणे हा या सगळ्याचा एक भाग झाला. पैशाचा हिशेब हा दुसरा, आणि देशाच्या निवडीने सर्वांत मोठा फरक इथे पडतो. आपल्याकडे हिंदू विवाह कायद्यात नवरा-बायकोची सामाईक मिळकत ही कल्पनाच नाही. ज्याच्या नावावर घर, त्याचे घर. पत्नीला पोटगी मिळते, तिचे स्त्रीधन तिचे राहते, एकरकमी कायम पोटगी ठरू शकते, पण पंधरा वर्षे संसार केला म्हणून नवऱ्याच्या नावावरच्या घरात अर्धा वाटा असा हक्क नाही. गोव्यात मात्र पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या नागरी संहितेमुळे, वेगळा करार नसेल तर, मिळकत दोघांची समाईक होते, आणि गोव्यात लग्न झालेल्या जोडप्याने ही गोष्ट कधीच नजरेआड करू नये. कॅलिफोर्नियात लग्नानंतरची कमाई तत्त्वतः निम्मी-निम्मी होते. न्यू जर्सीत न्यायालय परिस्थिती पाहून न्याय्य वाटणी करते. इंग्लंडमध्ये व्हाईट विरुद्ध व्हाईट या २००० च्या निवाड्यापासून वाटणी करताना समानतेच्या मापाने तपासून पाहायची पद्धत पडली, आणि मिळवते हात व घर सांभाळणारे हात यांत भेद करायचा नाही असे तत्त्व मानले गेले. म्हणून घर सांभाळलेल्या बायकोला लंडन हवेसे वाटते आणि तिच्या नवऱ्याला मुंबई. यात नवल नाही. इंग्लंडच्या कायद्यात आणखी एक दार आहे: परदेशात घटस्फोट झाला तरी १९८४ च्या कायद्याच्या तिसऱ्या भागाखाली तिथल्या न्यायालयाकडे आर्थिक न्याय मागता येतो. अगबाजे खटल्यात, २०१० मध्ये, नायजेरियात घटस्फोट झालेल्या पत्नीला अशाच मार्गाने २,७५,००० पौंड मिळाले. कॅनडात नेमके उलट आहे. ओंटारियोच्या अपील न्यायालयाने २००० साली ठरवले की परदेशात वैध घटस्फोट झाल्यावर कॅनडाच्या घटस्फोट कायद्याखाली जोडीदाराची पोटगी मागता येत नाही. म्हणजे टोरांटोत राहणाऱ्या पत्नीने घाईने भारतात घटस्फोट उरकून घेतला, तर तिच्या पोटगीचा तिकडचा मार्ग ती स्वतःच बंद करून घेते. किती जणींना हे आधी कुणी सांगितले असेल?

हक्क कागदावर मिळणे आणि पैसा हाती येणे यांतही फरक आहे, आणि माझ्या युक्तिवादाचा गाभा तोच आहे. अमेरिकेत नोकरदाराची निवृत्तीची पुंजी ४०१-के खात्यात साठते. घटस्फोटात ती विभागायची तर तिथल्या राज्य न्यायालयाचा विशिष्ट आदेश लागतो. पुण्याच्या न्यायालयाने कितीही स्पष्ट हुकूम केला तरी ते खाते चालवणारी कंपनी त्यावर रक्कम वळती करणार नाही. पोटगीचेही तसेच. पगार न्यू जर्सीत होत असेल तर तो पगारातूनच कापून घेण्याची ताकद तिथल्या न्यायालयाकडे आहे. पुण्यात महिना एक लाखाची पोटगी मंजूर झाली आणि नवरा भारतात पाऊलच टाकत नसेल, इथे त्याची मिळकतही नसेल, तर त्या हुकुमाची बजावणी कुणावर करायची? उलट बाजूने पाहिले तर अमेरिकन न्यायालयाचा पैशाचा हुकूम भारतात थेट दरखास्त लावून वसूल करता येत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४४-अ खाली ज्या देशांना परस्पर मान्यता आहे, त्यांत ब्रिटन, सिंगापूर आहेत, २०२० पासून संयुक्त अरब अमिराती आहे, अमेरिका नाही. अमेरिकेच्या हुकुमावर इथे तीन वर्षांच्या आत नवा दावा लावावा लागतो. भारतातल्या जमिनीचा वा फ्लॅटचा मालकी हक्क कुणाचा, हे तर इथलेच न्यायालय सांगू शकते.

दुसरा आक्षेप तत्त्वाचा आहे, आणि तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. आपल्या सोयीचा देश निवडणे म्हणजे न्यायाची खरेदी नव्हे काय? ज्याच्याकडे पैसा आणि व्हिसा आहे तोच ती करू शकणार, आणि १९९१ चा नियम तर भारतात सोडून दिलेल्या बायकांना अशा खरेदीपासून वाचवण्यासाठीच होता. हे खरे आहे. ‘आईला भेटून ये’ म्हणून बायकोला भारतात पाठवायचे आणि ती इकडे असतानाच तिकडे दावा लावायचा, हा प्रकार इतका ओळखीचा झाला आहे की १९९४ मध्येच नीरजा सराफ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने यावर स्वतंत्र कायदा करण्याची सूचना केली होती. अशा बाईचा एच-४ व्हिसा नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसावर टेकलेला असतो आणि घटस्फोट झाला की तो आधारच जातो. म्हणून नियमाचा हेतू चांगला होता याबद्दल मला शंका नाही. पण आज तो नियम तिला जो सल्ला देतो तो भयंकर आहे. परदेशी समन्स आले की ती तिकडे जाऊन लढली तर अधिकार मान्य केला असे होऊ शकते. लढली नाही तर भारतातला आक्षेप शाबूत राहतो, पण तिकडचे घर, निवृत्तीची पुंजी आणि मुलाचा ताबा तिच्या गैरहजेरीत ठरून जातो. अनेक जणींना ‘समन्सकडे लक्ष देऊ नका, इथे तो निकाल चालत नाही’ एवढेच सांगितले जाते. हा सल्ला अर्धाच आहे आणि अर्धा असल्यामुळे घातक आहे. त्यापेक्षा तिकडच्या वकिलामार्फत हरकत नोंदवून हजर व्हावे. निषेध नोंदवून दिलेले उत्तर किंवा अधिकाराला हरकत घेण्यासाठीची हजेरी म्हणजे अधिकार मान्य करणे नव्हे, हे १९९१ च्या निवाड्यातच म्हटले आहे. शिवाय अमेरिकेत सर्वोच्च न्यायालयाने १९४८ च्या एस्टिन खटल्यापासून एक भेद मानला आहे: जोडीदार राज्याच्या अधिकाराबाहेर असेल तर न्यायालय लग्न सोडवू शकते, पण त्याच्या वा तिच्या पोटगीचा हक्क बुडवू शकत नाही. न्यू जर्सीत कधीच न राहिलेल्या बायकोला हा भेद फार उपयोगी पडतो. जिने तिथे संसार केला तिला कमी, कारण तिच्यावर त्या न्यायालयाचा अधिकार बहुधा चालतोच. निवड नैतिक आहे की नाही हे तीत फसवणूक आहे की नाही यावर ठरते. मिळकत आणि मूल जिथे आहे, तिथे दावा लावण्यात फसवणूक नाही. नसलेले वास्तव्य दाखवण्यात आहे.

‘आधी दावा लावील तो जिंकेल’ असेही छातीठोकपणे सांगितले जाते आणि घाईचे मूळ बहुतेकदा याच वाक्यात असते. युरोपीय संघाच्या देशांपुरते ते खरे आहे: ज्या देशात पहिला दावा लागला त्याच देशात तो चालतो, दुसऱ्या देशाचे न्यायालय थांबते. पोर्तुगालचे नागरिकत्व घेतलेल्या गोवेकर जोडप्याला हा नियम थेट लागू होऊ शकतो, कारण दोघांचे समान नागरिकत्व हा तिथे अधिकारक्षेत्राचा एक आधार आहे. पण ब्रिटन २०२० च्या अखेरीस या व्यवस्थेतून बाहेर पडले आणि आता तिथली न्यायालये कोणती जागा अधिक योग्य हे पाहतात. भारतात तर पहिला-दुसरा असा नियम नाही. २०१८ च्या ठाकूर खटल्यात नवऱ्याने गुरुग्राममध्ये आधी दावा लावला होता, पत्नीने नंतर फ्लोरिडात लावला, आणि तिला तिकडचा दावा चालवण्यास मनाई करावी ही नवऱ्याची मागणी सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. दोन्ही दावे समांतर चालू शकतात, दोन्ही वकिलांची बिले समांतर येतात, आणि निकाल परस्परविरुद्ध लागले तर प्रत्येकाच्या हाती आपापला कागद राहतो.

मुलाचा ताबा या सगळ्यापासून वेगळा काढून पाहायला हवा, कारण घटस्फोटाचे न्यायालय आणि मुलाचे न्यायालय एकच असेल असे नाही. अमेरिकेत जवळजवळ सर्व राज्यांनी स्वीकारलेल्या कायद्याप्रमाणे मूल दाव्यापूर्वी सलग सहा महिने जिथे राहिले, ते राज्य ताब्याचा निर्णय करते. भारतात १८९० च्या पालक व पाल्य कायद्याप्रमाणे मूल सामान्यतः राहते तिथले न्यायालय. पालकाने परस्पर पळवून नेलेल्या मुलांविषयीच्या हेगच्या १९८० च्या करारात भारत नाही, त्यामुळे इथे आणलेले मूल आपोआप परत पाठवले जात नाही. २०१७ मध्ये नित्या आनंद राघवन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की मुलाचे हित हीच कसोटी, परदेशी हुकूम हा विचारात घ्यायच्या गोष्टींपैकी एक. पण २०१९ मध्ये लहरी सखामुरी खटल्यात त्याच न्यायालयाने मुलांना अमेरिकेत परत न्यायला सांगितले. म्हणून ‘मूल घेऊन भारतात या, मग बघू’ हा सल्ला मी कुणालाही देणार नाही. अमेरिकेत १९९३ च्या कायद्याने तो फौजदारी गुन्हा होऊ शकतो, आणि ज्या देशात मुलाची शाळा, मित्र, दुसरा पालक आहेत, त्या देशात पुन्हा पाऊल ठेवणे त्या आईला किंवा बापाला अवघड होऊन बसते.

हे सगळे एकत्र ठेवले की दोन देशांत टिकणारा मार्ग एकच उरतो आणि तो संमतीचा आहे. परदेशी न्यायालयातही दोघांनी खरोखर संमती दिली असेल तर १९९१ च्या तिसऱ्या अपवादात ते बसते. मात्र ती संमती कागदावर स्पष्ट हवी, दोघांच्या सहीची हवी. नुसती गैरहजेरी म्हणजे संमती नव्हे. भारतात हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब खाली परस्पर संमतीने अर्ज करता येतो, त्यासाठी वर्षभर वेगळे राहिलेले असावे लागते. सहा महिन्यांची थांबण्याची मुदत न्यायालय परिस्थिती पाहून माफ करू शकते, असे २०१७ मध्ये अमरदीप सिंग खटल्यात ठरले. त्याच निवाड्याने व्हिडिओ कॉन्फरन्सिंगने हजर राहण्याची आणि योग्य कारण असेल तर आईवडील किंवा भावंडांमार्फत बाजू मांडण्याची वाट मोकळी केली. असा भारतीय हुकूमनामा इंग्लंडमध्ये १९८६ च्या कौटुंबिक कायद्याखाली, दोघांपैकी एकजण दाव्याच्या वेळी भारताचा नागरिक, अधिवासी किंवा रहिवासी असला की, सहज मानला जातो. लंडनच्या एकतर्फी, दोषरहित हुकूमनाम्याला पुण्यात ही सोय नाही. म्हणून दोघांचे जमत असेल तर लग्न इथे सोडवून, तिकडच्या पुंजीच्या वाटणीसाठी तिकडच्या न्यायालयाचा स्वतंत्र आदेश घेणे अनेकांना सोयीचे पडते. फक्त क्रम आधी तपासावा, कारण ओंटारियोसारख्या ठिकाणी हाच क्रम उलटा अंगाशी येतो. आणि जमत नसेल, एकटीलाच लढायचे असेल, तर दोन्ही देशांतल्या वकिलांना एकाच वेळी विचारूनच पहिला कागद दाखल करावा. इंग्लंडमध्ये दावा लावून भारतात आपल्या कायद्यातले कारण दाखवता येत नाही, हे तिथला सॉलिसिटर सांगणार नाही. त्याचा तो विषयच नाही.

जोडप्यांनी कितीही जपून पावले टाकली तरी मूळ दोष संसदेने दुरुस्त करायचा आहे. विधी आयोगाने फेब्रुवारी २०२४ च्या २८७ व्या अहवालात अनिवासी भारतीयांच्या विवाहांसाठी घटस्फोट, पोटगी, मुलांचा ताबा, समन्स बजावणी या सगळ्यांचा एकत्रित कायदा करावा अशी शिफारस केली आहे. त्या कायद्यात माझ्या मते दोन गोष्टी असल्याच पाहिजेत. जोडपे जिथे खरोखर एकत्र राहिले, त्या देशाचा निकाल दोघांनाही बाजू मांडायची खरी संधी मिळाली असेल तर कारणावर न अडता मान्य व्हावा. आणि ज्या जोडीदाराला दावा लागण्याआधी भारतात आणून सोडले गेले, तिच्या वा त्याच्या बाबतीत तो मान्य होण्यापूर्वी पोटगीची आणि मिळकतीतल्या वाट्याची पूर्तता झाल्याचे दाखवणे बंधनकारक असावे. पहिल्या तरतुदीने दोन देशांत लटकलेली लग्ने सुटतील आणि दुसरीने १९९१ च्या निवाड्याने ज्या बायकांना आडोसा दिला त्यांचा आडोसा राहील.